आडाकाठची पपई

कुरुळी
२ जुलै

तुझ्या बापाला आड बुजवायचा आहे. काल जेवता जेवता असा म्हणाला, जणू चटणी वाढ म्हणतोय. "आई, त्या आडात मुरूम टाकू, वर फरशी करू. भाडेकरूंच्या गाड्या लावायला जागा हुईल." मी म्हटलं, "गाड्या माझ्या छातीवर लाव, आडाला हात लावू नको." ताट सोडून उठला. ताट उचललं कुणी? मीच.

चि. दिव्यास आशीर्वाद. आता नीट वाच. अक्षर लागलं नाही तर लावून घे. चौथीनंतर माझ्या हाती शेण आलं, लेखणी आली नाही.

फोनवर बोलले असते, पण फोन तुझ्या बापाच्या खिशात. तो स्पीकर लावून शेजारी उभा राहतो आणि माझी उत्तरं तोच देतो. "हां, आई बरी आहे." मी बरी आहे की नाही ते मला विचारा ना.

तर काम असं. तू पोटातल्या किड्यांचं शिकतेस. पाच वर्षं झाली, अजून शिकतेच आहेस. तुझ्या संस्थेच्या कागदावर लिहून दे की रंभाबाईच्या आडाचं पाणी चांगलं आहे, पिण्याजोगं आहे, आड बुजवू नये. खाली गोल शिक्का मार. ज्योतीराम आईचं ऐकत नाही, शिक्क्याचं ऐकतो. लहानपणापासून तसाच आहे.

हा आड तुझ्या आबानं आणि शेजारच्या मारुतरावानं खणला. तेव्हा कंपन्या आल्या नव्हत्या, आपल्या दारातून नाशिकच्या रस्त्यापर्यंत नुसता हरभरा दिसायचा. आबा आत पहार मारायचा, मी वरून पाट्या ओढायची. तुझा बाप माझ्या पोटात होता. आज तोच मुरूम टाकायला निघालाय.

मी अजून आडाचंच पिते. खोल्यांतली पोरंही तेच पितात, नळाला एक दिवसाआड पाणी आणि तेही औषधाच्या वासाचं. तुझे आईबाप मात्र जारचं पितात. मोठी माणसं. माझ्याही दारात एक जार आणून ठेवला होता. का, तर म्हणे पाण्याला आता चव राहिली नाही. मी तो तुळशीला ओतला.

बाकी बरं आहे. सातही खोल्या भरलेल्या. मारुतरावाकडे वर्षातून दोनदा मैल्याची गाडी येते आणि आख्खी आळी नाक धरून बसते. आपल्या संडासाच्या नव्या टाकीला बांधल्यापासून तीन वर्षांत एकदाही गाडी लागली नाही. तुझ्या बापाला तेवढं एक काम जमलं.

आणि आडाकाठी पपई आलीय. कुणी लावली नाही. आबा जिथे बसून अंघोळ करायचा तिथेच उगवली, आणि पत्र्याच्या वर गेली. पानं सुपाएवढी. मारुतरावाकडे हीच माती, पण त्याची पपई काठीसारखी उभी आहे. विचारतो, "वैनी, खत काय घालता?" मी म्हणते, "म्हाताऱ्याचा हात हाय."

हे पत्र चार नंबरमधल्या करिष्माच्या नवऱ्याकडे, गणराजकडे देते. लातूरकडचा आहे, कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये लागलाय. चाकणला जाताना टपालात टाकील.

शिक्का विसरू नको.

आजी


लखनौ
११ जुलै

प्रिय आजी,

तुझं पत्र मेसच्या टेबलावर वाचलं आणि मोठ्यानं हसले. शेजारची बंगाली मैत्रीण घाबरली. तिला सांगितलं, माझ्या आजीनं पाण्याचा जार तुळशीला पाजला.

आड बुजवू देऊ नकोस. मी पप्पांशी बोलते. मला झोपेतही त्या रहाटाचा आवाज ओळखता येईल. शाळेतून आलं की आबा पोहरा वर काढायचे आणि मी तोंड खाली करून थेट पोहऱ्यातून प्यायची. तू ओरडायचीस, "म्हशीवानी पिऊ नको." ते पाणी दातांना लागायचं. इथे हॉस्टेलमध्ये फिल्टर आहे, कूलर आहे. गार लागतं, पण दातांना लागत नाही.

आता गंमत ऐक. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे कबाबवाले बसतात. त्यांचा कबाब जिभेवर ठेवला की विरघळतो. मी विचारलं, "चाचा, हे कसं करता?" त्यांनी हातातली कच्ची पपई दाखवली. खिम्यात वाटून घालतात. इथे सांगतात की कुण्या नवाबाचे दात पडले होते, त्याच्यासाठी हा कबाब निघाला. मी रस्त्यातच उभी राहिले, आजी. मला कुरुळीची जत्रा दिसली. तू मटणाला कच्च्या पपईचा कीस लावून ठेवायचीस आणि आबा आपलं बोळकं हलवत आडाच्या काठावर बसून जेवायचे. नवाब काही एकट्या लखनौलाच झाला नाही.

आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे मी पाच वर्षं ज्याचा अभ्यास करतेय ते हेच आहे. तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी "तुला नाही कळायचं" म्हणते. आज सांगते.

पपईच्या चिकात मांस कापणारं एक द्रव्य असतं. शाळेत त्याला विकर म्हणतात, आम्ही एन्झाइम म्हणतो. तू कात्री समज, डोळ्यांना न दिसणारी. माणसाला आव होते ती अमिबा नावाच्या जीवामुळे. त्याच्याकडेही कात्र्या असतात, आणि त्या पपईच्या कात्रीच्याच घराण्यातल्या आहेत. तुझी पपई मटण मऊ करते, अमिबा आपलं आतडं. हिवतापाच्या जंतूकडे, काळ्या आजाराच्या जंतूकडे, सगळ्यांकडे याच घराण्यातल्या कात्र्या आहेत. कापायची जागा सगळ्यांची जवळजवळ सारखी. पण भोवतालचा घाट प्रत्येकीचा निराळा. हिवतापाच्या कात्रीला तर चक्क एक नाक आणि एक हात फुटलाय, आपलं रक्त पकडायला.

मी अमिबाच्या कात्रीचा घाट शोधते. तो नेमका कळला, तर तिच्या फटीत बसेल अशी पाचर बनवता येईल, म्हणजे औषध. अडचण एवढीच की तसल्या कात्र्या आपल्या स्वतःच्या शरीरातही आहेत. पाचर त्यांच्यात अडकली तर माणसालाच त्रास. शिवाय अमिबाकडे एक कात्री नाही, ढीगभर आहेत. एक अडवली की दुसरी चालू. म्हणून पाच वर्षं, आजी. आणखी किती, माहीत नाही.

शिक्क्याचं मात्र कठीण आहे. न तपासलेल्या पाण्यावर संस्था शिक्का देत नाही. पण मी ते पाणी अठरा वर्षं प्यायलेय, तो माझा दाखला. पप्पांना तसं सांगीन.

पपईचा एक फोटो करिष्मावहिनींना काढून पाठवायला सांग.

तुझी दिव्या


कुरुळी
२१ जुलै

शिक्का मागितला, कबाब आला.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा थोडं कळलं. तुझ्या कात्र्यांचं मी माझ्या घरात बघितलं. विळी कापते, अडकित्ता कापतो, कोयता कापतो, खुरपं कापतं. सगळ्यांना पातं, पण सुपारी विळीवर फुटत नाही आणि ऊस अडकित्त्यानं तुटत नाही. हेच ना? मग हे शिकायला लखनौला कशाला गेलीस, माझ्या स्वयंपाकघरात बसायचं.

तुझ्या आबाच्या बोळक्याची आठवण काढलीस. दात किडले नव्हते त्याचे, हिरड्या सुजून एकेक पडला. पडलेला दात पत्र्यावर फेकायचा आणि म्हणायचा, "नवा दे." नवा काही आला नाही. मग माझं काम वाढलं. पपई किसायची, मटणाला चोळायची, सकाळभर झाकून ठेवायची. जास्त लावली तर मटणाचा चिखल होतो, कमी लावली तर म्हातारा उपाशी. ते माप माझ्या बोटांना होतं, अजून आहे. आता लावायचं कुणासाठी? तुझ्या बापाला बत्तीस दात आहेत आणि चिकनशिवाय काही आवडत नाही.

आडाचं रोज चालू आहे. पावसानं पाणी पार वर आलंय, हात घातला तर लागेल. तुझा बाप म्हणतो आता जेसीबी बोलावतो. मी म्हणते बोलाव, मी आत उतरून बसते.

पत्र या वेळी करिष्मा टाकील. गणराज बिघडला. बरा पोरगा होता, पण दारूला लागला. आठवडाभर बघतेय, भिंत धरून चालतो, डोळे तांबारलेले, शिफ्ट अर्धी टाकून घरी येतो. उजव्या कुशीवर हात दाबून वाकडा बसलेला असतो. अंगात ताप, रात्री घामानं गादी भिजते म्हणते करिष्मा. मागच्या महिन्यात त्याला रक्ताची आव झाली होती, तेव्हा मी बेलाचा गर दिला, बरा झाला. आता हे नवं. मी विचारलं, "किती पितोस रे?" म्हणाला, "आज्जी, शप्पथ, थेंब न्हाई." सगळेच असं म्हणतात. मी महिनाअखेर खोली सोड म्हणून सांगितलंय. करिष्मा रडली. मी म्हटलं, रडून काय होतंय, नवऱ्याला आवर.

तुझी पपई आणखी वाढली. फोटो काढायला करिष्माचा चेहरा ठिकाणावर नाही.

शिक्का?

आजी


लखनौ
२७ जुलै

आजी,

गणराज दारू प्यायलेला नाही. तो आजारी आहे.

मी कालपासून फोन करतेय. पप्पा म्हणाले, "बघतो." तुला फोन दिला तर तू "ऐकू येत न्हाई" म्हणून ठेवून दिलास. आता हे स्पीड पोस्टानं पाठवतेय आणि पप्पांनाही पुन्हा फोन करणार आहे. पण मला तुझा भरवसा जास्त आहे.

आधी रक्ताची आव. मग ताप, रात्री घाम, उजव्या बरगडीखाली दुखणं, वाकून चालणं. अमिबा आतडं कापून रक्तात शिरला की यकृतात जातो आणि तिथे गळू करतो. तुझ्या बेलानं जुलाब थांबले असतील, पण अमिबा मेला नाही. गळू फुटलं तर माणूस दगावतो.

हे पत्र हातात पडेल त्या दिवशीच त्याला मोठ्या दवाखान्यात ने. सांग, पोटाची सोनोग्राफी करा, आधी आव झाली होती. हे शब्द असेच सांग. यावर औषध आहे आणि चांगलं आहे. उशीर करू नकोस.

आणि आडाचं पाणी आजपासून कुणीही उकळल्याशिवाय पिऊ नये. तूसुद्धा.

दिव्या


कुरुळी
५ ऑगस्ट

गणराज जगला. आधी ते सांगते, मग तुझ्याशी भांडते.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझा बाप कामावर होता. मी समोरच्या टेम्पोवाल्या शेखरला हाक मारली. तो म्हणाला, "आज्जी, माल भरलाय." मी म्हटलं, "माल उतरव, माणूस भर." गणराजला मागं आडवं घातलं, करिष्मा पायाशी, मी उशाशी. दवाखान्यात एका पोरीसारख्या दिसणाऱ्या डॉक्टरणीला तुझे शब्द तसेच सांगितले. ती माझ्याकडे बघत राहिली. "आजी, तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "नात किड्यांचं शिकती, लखनौला."

मशिनीवर गळू दिसलं. मोठं होतं, नारळाएवढं म्हणाली. जाड सुई घालून काढलं. मी आत नव्हते, पण करिष्मानं बघितलं. म्हणाली, खजुराच्या चटणीसारखं निघालं. तिनं तेव्हापासून चटणी सोडली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चार नंबरची खोली त्याचीच राहील. मी सांगितलं होतं सोड म्हणून, आता सांगते राहा म्हणून. त्यात काय.

आता भांडण. डॉक्टरणीनं विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मी ताठ मानेनं म्हटलं, "आडाचं, आमच्या घरचं." तिनं नुसतं कागदावर खरडलं. तेवढ्यात तुझा बाप धावत आला होता, त्यानं ऐकलं. तिथेच, दवाखान्याच्या जिन्यात मला म्हणतो, "झालं ना आता? त्या पाण्यानंच झालं. बुजवून टाकू." त्याचा चेहरा बघायला हवा होतास. गणराज वाचल्याचा आनंद की आड गेल्याचा, मला ओळखता आलं नाही. आणि आईच्या नजरेला नजर देईना.

मी तुझ्याकडे आडाच्या बाजूचा कागद मागितला होता. तू विरुद्ध बाजूचा पाठवलास. आता गावभर झालं, रंभेच्या आडानं पोरगा मरता मरता वाचला. मारुतराव, ज्यानं स्वतः त्यात पहार मारली, तो काल पाण्याचा तांब्या हातात घेऊन परत खाली ठेवून गेला. मी बघितलं.

मी ब्लिचिंग पावडर टाकते, ग्रामपंचायतीचा माणूस देतो ती. तुरटी फिरवते. हा आड तुझ्या बापाच्या वयाचा आहे. आम्ही प्यालो, बैल प्याले, तुझ्या आत्यांची लग्नं याच पाण्यावर झाली, शेकड्यांनी माणूस जेवलं. कुणाला नारळाएवढं गळू झालं नाही. मी अजून पिते, मला काही नाही. मग यंदाच असं काय झालं? पाणी तेच, दोर तोच, पोहरा तोच. बदललं काय?

हे पत्रही स्पीड पोस्टानं पाठवतेय, कारण जेसीबी सोमवारी येणार आहे. मी काठावर खाट टाकलीय. पाऊस आला तर छत्री धरते.

बदललं काय, याचं उत्तर दे. कबाबाचं नको.

आजी


लखनौ
१० ऑगस्ट

प्रिय आजी,

खाट आत घे आधी. पप्पांशी मी बोललेय, सोमवारी जेसीबी येणार नाही. का येणार नाही ते पप्पांनाही नीट सांगितलेलं नाही, आधी तुला सांगते.

तुझा प्रश्न मी दोन दिवस घेऊन फिरले. तो बरोबर आहे. आधी तुझ्या बाकीच्या शंका.

तू पितेस आणि तुला काही होत नाही, कारण दहा माणसांच्या पोटात हा अमिबा गेला तर नऊ जणांना तो कळतही नाही. आणखी एक आहे. त्याचा एक जुळा भाऊ असतो, सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसाच. तो पोटात राहतो, खातो, जातो, कुणाचं काही बिघडवत नाही. आतडं कापणारी एक खास कात्री त्याच्याकडे मोडकी आहे. दोघांना नुसतं बघून ओळखता येत नाही. खोल्या भाड्यानं देताना तुला कळतं का, कुठला शांत राहील आणि कुठला दार फोडील?

आणि तुझी विळी मला फार उपयोगी पडली. अमिबा ती कात्री बनवतो तेव्हा ती मिटलेली असते, आपल्या मोडत्या विळीसारखी. तिच्याच अंगाचा एक तुकडा पात्यावर आडवा पडलेला असतो. तो तुटला की विळी उघडते. मी हल्ली माझ्या संगणकावर ते पातं फिरवून बघते तेव्हा तुझा पाट दिसतो, आणि पाटावर एक पाय मुडपून बसलेली तू.

ब्लिचिंग पावडर त्याला पुरत नाही. शरीराबाहेर पडताना तो अंगाभोवती एक कवच घालून घेतो. तेवढ्या औषधानं ते कवच फुटत नाही, उकळल्यानं फुटतं.

आता बदललं काय. आजी, हा जीव आडात जन्मत नाही. तो फक्त माणसाच्या मैल्यातून येतो. म्हणजे कुणाचा तरी मैला आडात उतरतोय.

तुझं पहिलं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. मी त्यात आबा बघितले, रहाट बघितला आणि पपई बघून खूश झाले. खरं बघायचं होतं ते राहून गेलं. तू तीन गोष्टी लिहिल्या होत्यास. मारुतआजोबांची टाकी वर्षातून दोनदा भरते, आपली कधीच भरत नाही. मारुतआजोबांची पपई काठीसारखी आहे, आपली पत्र्याच्या वर गेली. आणि आपली पपई आडाकाठी आहे.

सात खोल्यांत किती माणसं राहतात ते तुला माहीत आहे. त्यांचं रोजचं सगळं त्या टाकीत जातं आणि टाकी भरत नाही. मग ते जातं कुठे?

मला आबांच्या हातावर विश्वास ठेवायला आवडलं असतं. तू पपईच्या बुडाशी खणून बघ. खणणाऱ्याला हात साबणानं धुवायला लाव.

शिक्का मी देऊ शकत नाही, आजी. पण माझं म्हणणं आडाच्या विरुद्ध नाही.

तुझी दिव्या


कुरुळी
२० ऑगस्ट

खणलं.

मजुराकडून नाही, तुझ्या बापाकडूनच खणून घेतलं. तुझं पत्र मी त्याला दाखवलं नाही. रविवारी सकाळी त्याच्यापुढे पहार टाकली आणि म्हटलं, "आड बुजवायचाय ना? मग आधी वाटेतली पपई काढ." पहार बघितली, माझ्याकडे बघितलं, पपईकडे बघितलं. म्हणाला, "गडी लावू." मी म्हटलं, "तुझ्या बापानं गडी लावला न्हवता."

गुडघाभर गेला नसेल तेवढ्यात वास आला. माती काळी, पचपचीत. पपईची मुळं टाकीच्या बाजूनं दोरासारखी गेलेली, आणि त्याच ओलीची रेघ पुढं आडाच्या दगडांपर्यंत. तुझ्या बापाला नवल वाटलं नाही, दिव्या. मी त्याचा चेहरा बघत होते. वास आला तेव्हा त्यानं मान वर केली नाही. तेव्हाच मला समजलं.

मी विचारलं, "टाकीला तळ हाय का?"

तो पहारीची माती पुसायला लागला.

"ज्योत्या, तळ हाय का न्हाई?"

"आई, सगळेच तसा ठेवतात. तळ बांधला न्हाई की पाणी मुरतं, गाडी लागत न्हाई."

"सगळे म्हंजी कोण?"

"मारुतकाका सोडून सगळे."

"आनि टाकी आडाशेजारी का? मागं जागा होती ना?"

"मागं सात नंबरची खोली झाली."

मग मी खाली बसले. पाय दुखत होते म्हणून. आणि विचारलं, "जारचं पानी कधीपासनं पितोस?" तो म्हणाला, "दोन वर्सं झाली. पावसाळ्यात एकदा वास आला हुता पोहऱ्याला. तुलापन जार आनला हुता मी." मी म्हटलं, "जार आनलास. वास आला हुता हे आनलं न्हाईस." त्यावर तो रडायला लागला. घोड्याएवढा झाला तरी रडताना नाक तसंच पुसतो, बाहीला. मी रडू दिलं. गणराजची बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती, तिला मी आत जा म्हटलं नाही. तिचा हक्क आहे.

म्हणजे आड बुजवायचा होता तो गाड्यांसाठी नाही. वास बुजवायचा होता.

मग पपई मी तोडली. तो तोडत होता, मी कोयता काढून घेतला. पपईचं खोड पोकळ असतं, दोन घावांत पडली. चीक अंगावर उडाला, हात खाजला. फळं मोठी होती, पिवळी व्हायला लागलेली. कुणाला दिली नाहीत, त्याच खड्ड्यात टाकली.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, आता झाडच गेलं म्हणून सांगते. तुझा आबा गेला त्या वर्षी जत्रेला मला कच्ची पपई मिळाली नव्हती. सगळ्या आळीत हिंडले. मटण तसंच शिजवलं, चार तास शिजवलं. त्याला चावलं नाही. रस्सा भाकरीवर ओतून खाल्ला, काठावरून उठला आणि म्हणाला, "रंभे, फुडच्या वर्साला दारात येक झाड लाव." फुडच्या वर्षाला तो नव्हता. मग मी कशाला लावू? लावलं नाही. आणि इतक्या वर्षांनी हे आपलं आपण उगवलं, तो अंघोळीला बसायचा त्याच दगडापाशी. म्हणून मला तसं वाटलं. वाटलं ते वाटलं. माणसाला वाटतं.

खाली सात खोल्यांचा मैला होता.

आडाला झाकण घातलंय, पत्र्याचं, वर दगड. दोर मी काढून घरात ठेवला. पाणी कुणी पीत नाही. मी नळाचं उकळून पिते. चव नाही, पण पिते. गणराज उठून बसतो, भाकरी खातो. काल मला म्हणतो, "आज्जी, आता तर पटलं ना मी पीत न्हवतो?" मी म्हटलं, "पीत होतास की, माझ्याच आडाचं." हसताना त्याची कूस दुखली.

मारुतरावाकडून पपईचं एक रोप आणलं. त्याच्याकडचं, काठीसारखं. ते पुढच्या दाराशी लावलंय, टाकीपासून लांब. ते हळू वाढेल. वाढू दे. तू पुढच्या जत्रेला येशील तेव्हा फळ धरलेलं असलं तर मटणाला लावीन. तुला दात आहेत, तरी लावीन. माप विसरायला नको.

तुझ्या कात्र्यांचं काम सोडू नको. किती वर्षं लागतील ते विचारणार नाही. गणराजला जी सुई घातली ती मला परत कुणाला घातलेली बघायची नाही.

शिक्का आता नको.

आता उत्तराचं. या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. तुझा बाप देईल. मी हे पत्र पाकिटात न घालता उघडंच त्याच्या हातात देणार आहे. टपालात तोच टाकील, आणि वाचल्याशिवाय टाकणार नाही, मला माहीत आहे. ज्योतीराम, वाचतोयस ना? मागची बाजू कोरी सोडलीय. तिच्यावर तुझ्या हातानं लिही, सात नंबरची खोली पाडून तळाची टाकी कधी बांधतोस, आणि आडाचा गाळ कधी उपसतोस. दिव्या, मागची बाजू कोरी आली, तर त्याला फोन करायचा नाही. पत्र तसंच मला परत पाठव. मी पुन्हा त्याच्याच हातात देईन. लिहायचं त्यानंच आहे.

आजी